स्कॉटलंडमधले किलमार्टिन आणि भोवतालचा परिसर : काय पाहावे आणि कसे पाहावे

आडवाट

ग्लासगोमध्ये राहायला आल्यापासून आर्गाइलमधल्या किलमार्टिन या खेड्यात माझे चार वेळा जाणे झाले. पहिल्यांदा ओबानहून परतताना जेमतेम पाऊण तास थांबलो, रस्त्यालगतचे उभे दगड पाहिले आणि पुढे निघालो. नंतरच्या तीन खेपांत मिळून आठ दिवस तिथे काढले, तेव्हा त्या पाऊण तासात आपण काय काय मागे सोडून आलो होतो ते समजले. आपल्याकडून स्कॉटलंडला येणाऱ्यांच्या यादीत एडिंबरा, लॉख नेस, ग्लेन्को आणि स्काय ही नावे हमखास असतात. ती ठिकाणे सुंदर आहेतच, परंतु ज्यांना जुने दगड, गढ्या आणि पायवाटा यांची ओढ आहे, त्यांनी किलमार्टिनला किमान दोन रात्री मुक्काम करावा असे मला मनापासून वाटते. त्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

किलमार्टिन हे ओबानच्या दक्षिणेला सुमारे ३० मैलांवर, ए-८१६ या रस्त्यावर वसलेले अगदी लहान खेडे आहे. एक चर्च, एक संग्रहालय, एक हॉटेल आणि काही घरे एवढाच त्याचा पसारा. गेलिक भाषेत ‘किल’ म्हणजे चर्च, त्यामुळे गावाच्या नावाचा अर्थ ‘मार्टिनचे चर्च’ असा होतो. गाव उंचवट्यावर आहे आणि त्याच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे सपाट, हिरवी दरी पसरत जाते. गावापासून सहा मैलांच्या परिघात ८०० हून अधिक पुरातन अवशेषांची नोंद झालेली असून त्यांतले सुमारे १५० प्रागैतिहासिक काळातले आहेत.

इतके अवशेष नेमके इथेच का, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर जमिनीतच आहे. हिमयुगाच्या अखेरीस लॉख ऑ या लांबलचक सरोवराचे पाणी आजच्याप्रमाणे उत्तरेकडून न जाता या दरीतून समुद्राला मिळत होते. त्या प्रवाहाने आणलेली वाळू आणि खडी दरीच्या कडांना पायऱ्यांसारखी साचली. पाण्याचा चांगला निचरा होणारी आणि मशागतीला सोपी अशी जमीन पश्चिम हायलँड्समध्ये फार थोडी आहे. शिवाय क्रिननच्या बाजूने समुद्रातून आलेल्या माणसाला आतल्या मुलखात शिरण्याची ही सोयीची वाट होती, आणि समुद्रमार्गे आयर्लंडही दूर नव्हते. शेती करणाऱ्या पहिल्या लोकांनी इथे वस्ती केली आणि आपले मृतही इथेच ठेवले.

त्या मृतांसाठी रचलेल्या दगडांच्या प्रचंड राशी, ज्यांना इकडे केर्न म्हणतात, दरीत एकापाठोपाठ एक अशा ओळीने उभ्या आहेत. गावाकडून निघाले की आधी ग्लीब केर्न, मग नेदर लार्गी उत्तर, मध्य आणि दक्षिण, आणि शेवटी री क्रूइन असा क्रम लागतो. यांतला नेदर लार्गी दक्षिण हा सर्वांत जुना, ५,००० वर्षांहून अधिक वयाचा आहे. त्याच्या पोटातल्या दालनात वाकून आत जाता येते. उभ्या शिळा घालून या दालनाचे कप्पे केलेले आहेत आणि वरचे छत म्हणजे नुसत्या अजस्र फरशा आहेत. बाहेर वारा घोंघावत असला, तरी आत पूर्ण शांतता असते. उत्तरेकडच्या केर्नमध्ये शिरण्याची तऱ्हा वेगळी आहे: माथ्यावर एक सरकते झाकण आहे, ते बाजूला करून पायऱ्यांनी खाली उतरायचे. हे छत आधुनिक आहे, पण खालची दगडी पेटी आणि तिच्यावरची शिळा कांस्ययुगातली आहे. या शिळेवर कुऱ्हाडीची पाती आणि वाटीसारखे गोल खळगे कोरलेले आहेत. धातूची कुऱ्हाड ही त्या काळी नवी आणि मोलाची वस्तू होती, त्यामुळे मृताबरोबर तिचे चित्र ठेवण्यामागे त्याचा मान दाखवण्याचा हेतू असावा. सोबत विजेरी अवश्य ठेवा. प्रकाश शिळेवर तिरपा पाडला की पाती एकेक करून उमटू लागतात.

याच ओळीच्या बाजूला टेंपल वुड आहे. दोन शिळावर्तुळांपैकी मोठ्या वर्तुळात मुळात २२ शिळा होत्या, त्यांतल्या १३ आज उभ्या आहेत. भोवतीची झाडे आणि हे भारदस्त नाव मात्र एकोणिसाव्या शतकातले आहे. उत्तरेकडच्या एका शिळेवर दुहेरी सर्पिलाकृती असून तिची एक वेटोळी शिळेच्या एका बाजूवर, तर दुसरी शेजारच्या बाजूवर वळते. ती शोधण्यासाठी शिळेजवळ गुडघे टेकून बसावे लागते. तिथून शेत ओलांडले की नेदर लार्गीच्या उभ्या शिळा येतात. त्यांची मांडणी चंद्राच्या उगवण्या-मावळण्याच्या टोकाच्या स्थानांशी जुळते, असे मत अलेक्झांडर थॉम या अभियंत्याने मोजमापे घेऊन मांडले होते. चंद्राचे हे चक्र १८.६ वर्षांचे असते. ते मत पूर्णपणे मानावे की नाही याविषयी अभ्यासकांत चर्चा आहे. परंतु त्या शिळांमध्ये उभे राहून एखादा चंद्रोदय पाहायला मिळाला, तर तो चुकवू नये.

आता डनॅडविषयी. या परिसरात एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ मला कोणी दिला, तर मी डनॅडच निवडेन. गावाच्या दक्षिणेला सुमारे चार मैलांवर, दलदलीच्या सपाटीतून हा खडक अचानक वर येतो. उंची अवघी ५४ मीटर आहे. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला हे टेकाडच वाटेल. परंतु साधारण इसवी सन ५०० ते ९०० या काळात डाल रिआटा या गेलिक राज्याचे हे प्रमुख सत्तास्थान होते. ईशान्य आयर्लंड आणि आर्गाइल या दोन्हींना जोडणारे हे समुद्री राज्य. पुढे स्कॉटलंडचे जे राज्य घडले, त्याची एक मुख्य मुळी इथली आहे. आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या जुन्या वार्षिक नोंदींमध्ये ६८३ साली डनॅडला वेढा पडल्याचा आणि ७३६ साली स्कॉटलंडच्या उत्तर-पूर्व भागातल्या पिक्ट लोकांच्या ओएंगस राजाने ते जिंकल्याचा उल्लेख आहे.

खडकातल्या एका नैसर्गिक खिंडीतून वर जायचे. तीच गडाची वेस होती. माथ्याच्या जरा खाली एका सपाट कातळावर कोरलेले पाऊल, पाण्याचे एक कुंड, रानडुकराची रेषाकृती आणि ओघम या रेघांच्या जुन्या लिपीतला लेख आहे. राजपदावर बसताना नव्या राजाने या पावलात आपला पाय ठेवायचा, असे अभ्यासक मानतात. पादुका म्हटल्या की आपल्या मनात निघून गेलेल्या विभूतीचे स्मरण येते. इथले पाऊल मात्र पुढे येणाऱ्यासाठी कोरलेले आहे, आणि त्याच्यासाठीच ते रिकामे आहे. आज दिसते ती प्रतिकृती असून मूळ कातळ झिजू नये म्हणून १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती त्यावर बसवण्यात आली. मूळ पाऊल तिच्याखालीच सुरक्षित आहे, हे कळल्यावर माझी पहिली हळहळ ओसरली.

उत्खननात इथे दागिने ओतण्याचे साचे, गॉल प्रदेशातून (म्हणजे आजच्या फ्रान्समधून) आलेली भांडी आणि हरताळाचा एक तुकडा सापडला. आपल्या पोथ्यांमधला चुकलेला मजकूर झाकायला जो हरताळ फासत आणि ज्यावरून आपला वाक्प्रचार आला, तेच हे पिवळे खनिज. भूमध्य सागराच्या बाजूने ते या खडकापर्यंत आले होते, आणि हस्तलिखिते रंगवण्यासाठी त्याचा उपयोग होत असे. संत कोलंबाने ५६३ साली आयोना बेटावर स्थापन केलेला मठ याच राज्यात होता, हे लक्षात घेतले की त्या तुकड्याचा अर्थ उलगडतो. माथ्यावरून ॲड नदीची वळणे, क्रिननचा समुद्र आणि स्वच्छ दिवशी जुरा बेटाचे डोंगर दिसतात.

यांतली बहुतेक ठिकाणे विनामूल्य आणि कायम खुली आहेत. केवळ संग्रहालयाला तिकीट आहे. नूतनीकरणानंतर ते २०२३च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा उघडले असून सुरुवात तिथूनच करावी. ज्यांनी हा परिसर पाहिला आहे त्यांनी भर घालावी, विशेषतः निसर्गाच्या बाजूने, कारण त्यातले मला फारसे कळत नाही.

सह्यवेडा

अतिशय उपयुक्त लेखन. आम्ही येत्या मे महिन्यात पुण्याहून आई-वडिलांना घेऊन येत आहोत. दोघांचेही वय सत्तरीच्या पुढे आहे. वडील रोज चालतात, आईला मात्र चढ-उताराचा त्रास होतो. त्यांना यातले काय झेपेल? शिवाय गाडी न घेता तिथे पोहोचता येते का, हेही कृपया सांगावे.

आडवाट

केर्नची सगळी ओळ सपाटीवर आहे, त्यामुळे आईंना ती सहज पाहता येईल. मधल्या फाटकांपाशी आणि गवतात ओल असते, तेवढे बूट चांगले हवेत. उत्तरेकडच्या केर्नमध्ये उतरायला त्यांना अवघड जाईल, दक्षिणेकडच्या दालनाच्या तोंडाशी मात्र नीट उभे राहता येते. डनॅडचा चढ छोटा असला, तरी खडकाळ आणि पावसानंतर निसरडा असतो. वडिलांनी काठी घेऊन सावकाश चढावे. आईंसाठी पायथ्याशी नदीकाठी बसण्यासारखी जागा आहे आणि खालून खडकाचा आकार वरच्यापेक्षा अधिक चांगला समजतो.

गाडीशिवाय यायचे तर ग्लासगोहून कॅम्पबेलटाउनकडे जाणाऱ्या बसने लॉकगिल्पहेडला उतरायचे आणि तिथून ओबानच्या दिशेने जाणारी स्थानिक बस पकडायची. या स्थानिक बसच्या फेऱ्या फारच कमी आहेत, तेव्हा वेळापत्रक पाहूनच मुक्कामाचे दिवस ठरवावेत. वडीलधाऱ्यांसोबत येत असाल, तर माझा आग्रह गाडी घेण्याचाच राहील. ग्लासगोहून लॉख लोमंडच्या काठाने, इन्व्हरेरीमार्गे येणारा रस्ता अडीच तासांचा आहे आणि तो स्वतःच पाहण्यासारखा आहे.

शिळाप्रेमी

धागाकर्त्यांनी आख्नाब्रेकचा उल्लेख केलेला नाही, म्हणून मी करतो. लॉकगिल्पहेडच्या जवळ, जंगलातल्या वाटेने थोडे चढून गेले की उताराचे उघडे कातळ लागतात आणि त्यांवर वाटीसारखे खळगे व त्यांच्याभोवती एकात एक वर्तुळे कोरलेली दिसतात. ब्रिटनमधल्या अशा कोरीव कातळांच्या सर्वांत मोठ्या समूहांपैकी हा एक आहे, आणि काही वर्तुळसमूहांचा व्यास जवळपास एक मीटर भरतो. भर दुपारी गेलात, तर हाती काही लागणार नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना, आणि शक्यतो कातळ ओले असताना जावे.

मी मूळचा नागपूरचा असल्यामुळे हा विषय माझ्यासाठी घरचा आहे. आमच्या जुनापाणी इथल्या शिळावर्तुळांच्या दगडांवरही असेच वाटीसारखे खळगे आहेत. एडिंबऱ्याचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन, म्हणजे १८४७ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्मचा वापर सुरू करणारे तेच, यांनी १८६०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या कोरीव खळग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच सुमारास जुनापाणीला उत्खनन करणाऱ्या रिव्हेट-कार्नॅक या मध्य प्रांतातल्या अधिकाऱ्याने नागपूरच्या खळग्यांचे सिम्प्सन यांच्या चित्रांशी असलेले साम्य नोंदवले होते. मी शाळेत असताना सहलीला जे दगड पाहिले, त्यांची तुलना दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी आर्गाइलशी केली होती, हे आख्नाब्रेकला उभे असताना आठवले आणि तिथून पाय निघेना.

मात्र साम्यावरून संबंध जोडण्याची घाई करू नये. जुनापाणी लोहयुगातले आहे, तर इथले कोरीवकाम त्याच्या कितीतरी आधीचे, नवाश्मयुगातले आहे. दगडावर दगड ठोकून खळगा करणे ही कृती इतकी मूलभूत आहे की ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू होऊ शकते. दोन्हीकडच्या खळग्यांचा नेमका हेतू उलगडलेला नाही.

आणखी एक. डनक्रेगेग या केर्नमधल्या एका पेटीच्या छतशिळेच्या खालच्या अंगाला हरणांची चित्रे असल्याचे २०२१ साली जाहीर झाले. तिन्हीसांजेला सहज तिथून जाणारा एक माणूस विजेरी घेऊन आत शिरला आणि त्याला वर शिंगांचा आकार दिसला. एकूण पाच प्राणी असून त्यांतले दोन फांद्यांसारख्या शिंगांचे नर आहेत, आणि ही चित्रे ४,००० ते ५,००० वर्षांपूर्वीची आहेत. तोवर स्कॉटलंडमध्ये त्या काळातले प्राण्यांचे कोरीवकाम मिळालेच नव्हते. हा केर्न १८६०च्या दशकापासून अभ्यासकांच्या पायाखालचा, आणि तरी हे कोणाला दिसले नव्हते. तो आत जाण्यासाठी खुला आहे का, हे संग्रहालयात विचारून घ्यावे. कृपा करून कोणत्याही कातळावर खडूने रेषा गडद करू नका आणि शेवाळ खरवडू नका. कोकणातल्या सड्यांवर कातळशिल्पांची कशी हानी होते ते आपण पाहतो आहोत.

आडवाट

जुनापाणीचा हा संदर्भ मला नवीन आहे, मनापासून आभार. आख्नाब्रेक मी दोनदा दुपारी पाहिले आणि दोन्ही वेळा निराश होऊन परतलो, म्हणूनच लिहिले नव्हते. आता संध्याकाळी जाईन.

रानवारा

निसर्गाची बाजू विचारली आहे, म्हणून लिहिते. मी इन्व्हरनेसला असते, पण नॅपडेल आणि किलमार्टिनला दर वर्षी जाते.

डनॅडच्या भोवतीची सपाटी म्हणजे मोन्या वोर, गेलिकमध्ये ‘मोठे दलदलीचे रान’. ही साधी दलदल समजू नये. स्फॅग्नम जातीचे शेवाळे मरते, पाण्यात बुडाल्यामुळे पूर्ण कुजत नाही, आणि त्यावर नवे शेवाळे वाढते; असे हजारो वर्षे चालत राहिले की खाली पीटचा जाड थर तयार होतो आणि मधला भाग घुमटासारखा फुगून भोवतालच्या जमिनीपेक्षा वर येतो. या घुमटाला नदीचे किंवा झऱ्याचे पाणी मिळत नाही, तो केवळ पावसाच्या पाण्यावर जगतो. त्यामुळे इथे पोषक द्रव्ये अत्यंत कमी असतात आणि ती कमतरता भरून काढण्यासाठी काही वनस्पती कीटक खातात. कासच्या पठारावर आपण जी दवबिंदू वनस्पती गुडघ्यावर बसून पाहतो, तिचीच भावंडे इथे शेवाळ्यात लाल ठिपक्यांसारखी पसरलेली असतात. एकोणिसाव्या शतकात शेतीसाठी चर खोदून या रानाच्या बऱ्याच भागातले पाणी काढून टाकण्यात आले. आता हे राष्ट्रीय राखीव क्षेत्र आहे आणि ते चर जागोजागी बांध घालून अडवण्यात आले आहेत, जेणेकरून पाणी परत मुरावे. फळ्यांची एक छोटी वाट आहे, तिच्यावरूनच चालावे. सह्यवेडा यांच्या आईंनाही ती जमेल. जूनमध्ये चतुर आणि कापूसगवताची पांढरी बोंडे असतात, मे महिन्यात कर्ल्यू पक्ष्याची लांबत जाणारी शीळ ऐकू येते.

क्रिननच्या कालव्याच्या पलीकडे नॅपडेलचे जंगल सुरू होते. मनुष्याने शिकार करून स्कॉटलंडमधून सुमारे ४०० वर्षांपूर्वी नाहीसा केलेला बीव्हर २००९च्या मे महिन्यात नॉर्वेहून आणून इथे सोडण्यात आला. काही वर्षांच्या काटेकोर निरीक्षणानंतर त्यांना राहू देण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला आणि २०१९ पासून त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. प्राणी दिसेलच असे सांगता येत नाही, कारण ते पहाटे आणि सांजेलाच बाहेर पडतात. परंतु पेन्सिलीला टोक केल्यासारखी कुरतडलेली झाडे, फांद्यांचा बांध आणि त्यामुळे पसरलेले डू लॉख हे सरोवर दिवसाही पाहता येते. पाच वर्षांपूर्वी मी दोन तास निश्चल बसले होते आणि निघता निघता पाण्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक रेघ सरकत गेली. टोकाला तपकिरी डोके होते. तेवढेच दिसले, पण ती संध्याकाळ आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

याच भागातली ओकची राने समुद्रावरच्या दमट हवेत वाढतात. खोडाफांद्यांवर शेवाळी, नेचे आणि दगडफूल यांचा इतका दाट थर असतो की झाडाची साल दिसत नाही. टेनिश इथले राखीव क्षेत्र यासाठी सर्वांत उत्तम आहे.

एक सूचना: मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत मिज नावाची बारीक चिलटे येतात, आणि वारा पडला, ढगाळ असले की ती अक्षरशः झुंडीने चावतात. तोंडावर घ्यायची जाळी सोबत असू द्या. गवतातून फिरल्यावर पायांवर गोचीड आहे का, हेही रोज रात्री तपासावे.

चाफेकळी

महाबळेश्वरला मॅल्कम पेठ आहे, आणि किलमार्टिनच्या जमिनी पोल्टॅलॉखच्या मॅल्कम घराण्याकडे होत्या असे मी कुठेतरी वाचले आहे. महाबळेश्वर वसवणारे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मॅल्कम याच घराण्यातले होते का?

आडवाट

नाही. मलाही आधी तसेच वाटले होते. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर जॉन मॅल्कम हे स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळच्या लँगहोम भागातले, डम्फ्रीसशरचे होते. पोल्टॅलॉखचे मॅल्कम हे आर्गाइलमधले. त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून आला आणि त्या मळ्यांवर गुलाम माणसे राबत होती, हे इथली दरी पाहताना विसरता येत नाही. रानवारा यांनी ज्या चरांविषयी लिहिले आहे, ते याच घराण्याने केलेल्या शेतीसुधारणांचा भाग होते. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेला पोल्टॅलॉखचा वाडा आज बिनछपराचा उभा आहे. तो खाजगी मालकीचा असल्याने लांबूनच पाहावा.

दीपमाळ

किलमार्टिनच्या चर्चच्या आवारातल्या कोरीव थडगेशिळा पाहिल्याशिवाय कोणी परत जाऊ नये. त्या चौदाव्या ते सोळाव्या शतकांतल्या असून बऱ्याचशा शिळा एका लहान छपराखाली ठेवलेल्या आहेत. लांब तलवार, वेलबुट्टी, प्राणी आणि जाड शिवणीचा अंगरखा घातलेले सशस्त्र योद्धे असे विषय त्यांवर आहेत. आपल्याकडच्या माणसाला पहिल्या नजरेत वीरगळच आठवतो. फरक असा की वीरगळ उभा असतो आणि खालून वर टप्प्याटप्प्याने लढाई, मृत्यू आणि स्वर्गलोक अशी कथा सांगतो, तर या शिळा थडग्यावर आडव्या झाकलेल्या असत आणि त्यांवर कथा नाही, केवळ त्या माणसाची ओळख आहे. कोणाच्या शेजारी नुसती तलवार आहे आणि कोणाची पूर्ण आकृती आहे, यावरून त्या माणसाच्या ऐपतीचाही अंदाज येतो.

गावाच्या उत्तरेला दीड मैलावर कार्नासरीचा किल्ला आहे. जॉन कार्स्वेल या धर्मगुरूने तो १५६०च्या दशकात बांधायला घेतला. त्याचेच दुसरे मोठे काम म्हणजे प्रार्थनाविधीच्या पुस्तकाचा गेलिक अनुवाद. १५६७ साली एडिंबऱ्यात छापलेले ते गेलिक भाषेतले पहिले छापील पुस्तक ठरले. किल्ल्याच्या दारावर आजही गेलिक लेख आहे. १६८५च्या बंडात किल्ल्याचा काही भाग सुरुंगाने उडवण्यात आला, परंतु जिना शाबूत आहे आणि वरून सगळी दरी एका नजरेत दिसते. मी या किल्ल्यावर एक संपूर्ण सकाळ एकटाच होतो, दुसरे कोणीही आले नाही.

क्रिनन कालव्याविषयी कोणी लिहिले नाही. १८०१ साली खुला झालेला हा नऊ मैलांचा कालवा किंटायरच्या लांब द्वीपकल्पाला वळसा घालण्याचा जलमार्ग वाचवतो. त्यावर १५ जलद्वारे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे दरवाजे आजही नावाडी स्वतः जोर लावून उघडतात. काठावरची वाट सपाट आहे. सह्यवेडा, तुमच्या आईंसाठी यासारखी जागा नाही. क्रिननच्या टोकाला बाकावर बसून बोटी वर-खाली होताना पाहण्यात तास कसा जातो ते समजत नाही.

सह्यवेडा

सर्वांचे आभार. आता तीन रात्री ठरवल्या आहेत. पहिल्या दिवशी संग्रहालय, थडगेशिळा आणि केर्नची ओळ. दुसऱ्या दिवशी डनॅड, मोन्या वोर आणि क्रिनन. तिसऱ्या दिवशी कार्नासरी, मग नॅपडेल. जुरा आणि स्कार्बा या बेटांमधला कॉरीव्रेकनचा भोवरा पाहण्याची वडिलांना फार इच्छा आहे. तो यात बसवता येईल का?

आडवाट

बसवता येईल, पण तो दिवस तुम्ही ठरवायचा नाही, भरती ठरवते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरतीचे पाणी सामुद्रधुनीतून पश्चिमेकडे रेटत असताना आणि समोरून वारा असताना भोवरा पूर्ण जोरात असतो. पाण्याखालच्या एका उभ्या सुळक्यावर प्रवाह आदळल्यामुळे तो तयार होतो. इतर वेळी तिथे जेमतेम खळबळ दिसते. या किनाऱ्यावरून सहलीच्या बोटी जातात. त्यांना तुमच्या तारखा कळवून कोणत्या वेळी जाणे योग्य ते विचारावे आणि मग बाकीचा क्रम त्याप्रमाणे हलवावा. समुद्र खवळलेला असेल, तर आईंनी बोटीत जाऊ नये.

एक बदल सुचवतो. डनॅड दुसऱ्या दिवशी सकाळी न ठेवता जेवणानंतर, संध्याकाळी ठेवा. मे महिन्याच्या मध्यावर तिथे नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो, दिवसाचे पाहुणे परतलेले असतात, आणि पावलाच्या कातळावरचे रानडुक्कर त्या तिरप्या उन्हातच नीट दिसते. सकाळी वडिलांना घेऊन आख्नाब्रेकला जा. शिळाप्रेमी यांनी सांगितल्याप्रमाणे आठच्या आत पोहोचलात, तर ऊन कलतेच असेल. परत आल्यावर वर्तुळे दिसली का, ते इथे जरूर लिहा.